आम्ही आणि आपण



या संमेलनाचं निमंत्रणपत्र आलं, त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'आम्ही आपणांस विनंती करतो की…' मी जन्मभर व्याकरण शिकवलेला माणूस. विनंतीपर्यंत पोचायच्या आधीच सर्वनामांपाशी अडकलो. पत्रातलं 'आम्ही' म्हणजे तुम्ही सगळे आणि 'आपण' म्हणजे मी एकटा. आज सकाळी स्टेशनवर घ्यायला आलेल्या कार्यकर्त्यानं माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, 'सर, आपण आधी चहा मारू.' शब्द तोच, पण आता त्यात तो आणि मी दोघं होतो. मला हा चहाचा 'आपण' पत्रातल्या 'आपणांस'पेक्षा अधिक मानाचा वाटला. संयोजकांनी मनाला लावून घेऊ नये.

हिंदीत कुणी 'हम' म्हटलं, तर ऐकणारा त्यात धरलाय की वगळलाय हे प्रसंगावरून ताडावं लागतं. इंग्रजी 'वी'चंही तेच. मराठीत तशी सोय नाही. 'आम्ही सिनेमाला चाललोय' हे ऐकलं की घरातलं लहान मूल भोकाड पसरतं. 'आपण सिनेमाला जाऊ' ऐकलं की चप्पल शोधायला लागतं. त्याला हा फरक कुणी शिकवलेला नसतो. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' आहेत, तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्'. द्राविडी भाषांच्या शेजारातून ही सवय आपल्याला लागली, असं अभ्यासक मानत आले आहेत. सवय कुठूनही आलेली असो. ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन बसली आहे एवढं खरं.

स्वयंपाकघराचंच सांगतो. माझी वहिनी नागपूरकडची, आम्ही साताऱ्याकडचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, 'आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत.' आई म्हणाली, 'आमच्याकडे घालतात.' एका पातेल्यावर दोन 'आमच्याकडे'. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. आमटी मात्र बरीच वर्षं कधी गोड, कधी तिखट होत राहिली; त्या दिवशी ओट्याशी कोण उभं होतं ते पहिल्या घासाला कळायचं. मग एका सकाळी वहिनी फडताळात डोकावत म्हणाली, 'आई, आपल्याकडचा गूळ संपलाय.' आई निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, 'वाण्याला सांग, दोन किलो पाठव म्हणावं.' व्याकरणाच्या तासाला मी हे उदाहरण कधी दिलं नाही. द्यायला हवं होतं.

पण या शब्दाला दुसरी बाजूही आहे, आणि शिक्षकांच्या संमेलनात ती झाकून ठेवणं बरं नव्हे. 'तुमच्यात बारसं कितव्या दिवशी करतात?' हा प्रश्न दिसायला बारशाचा असतो. विचारायची असते जात. 'तुमच्यात', 'आमच्यात' हे शब्द इतके मऊ आहेत की विचारणाऱ्याला आपण काही वाईट विचारलं असं वाटतही नाही. खोली भाड्यानं देताना 'माणसं आपल्यातलीच आहेत' असं म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. चप्पल शोधणाऱ्या मुलाला आत घेणारा 'आपण' इथे दार लावून घेतो. शाळेच्या स्टाफरूममध्येही हे मी ऐकलं आहे, आणि ऐकून गप्प बसलो आहे.

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपी भाषांमधल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर एक लेख लिहिला. सत्ता आणि जवळीक या दोन ओढींत ही सर्वनामं सापडलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी आपल्याला पॅरिसला जायची गरज नव्हती. आपल्या जुन्या घरांत एका ताटाभोवती दोन्ही दिसायचं. 'अगं आई, वाढ ना' आणि 'अहो बाबा, तुम्ही जेवलात का?' रागावली तरी आई 'तू'च राहायची, आणि लाडात आले तरी बाबा 'तुम्ही'. विठोबाही 'तू'. म्हणजे आई आणि देव एका बाजूला, बाबा आणि हेडमास्तर दुसऱ्या. इरावती कर्व्यांची मुलं आईवडिलांना 'इरू', 'दिनू' अशी हाक मारत, त्याचं त्या काळी अप्रूप होतं. आज 'अरे बाबा' सर्रास ऐकू येतं. मला ते आवडतं. माझ्या जिभेवर मात्र ते शेवटपर्यंत आलं नाही.

वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते. एक तरुण परिचारिका रोज सकाळी येऊन विचारायची, 'काय आजोबा, औषध घेतलं का आपण?' हा 'आपण' मानाचा की लाडाचा, की लहान मुलाशी बोलतात तसा, ते मला ठरवता येईना. वडिलांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'मी घेतलं. तुमचं तुम्ही बघा.' ती इतकी हसली की बाजूच्या खाटेवरचा रुग्णही हसायला लागला. त्यानंतर ती त्यांना 'आजोबा, तुम्ही' म्हणू लागली आणि जरा जास्त वेळ थांबू लागली.

ते गेल्यानंतरही आईच्या बोलण्यातला 'आम्ही' तसाच राहिला. 'आम्ही रात्री भात खात नाही.' 'आम्हाला पहाटे जाग येते.' घरातले आम्ही सगळे रात्री भात खातो, आणि पहाटे कुणालाही जाग येत नाही. पुढे मी आणि भाऊ नोकऱ्यांपायी पांगलो, आई गावच्या घरी एकटी राहिली. तिथे एकदा नावं लिहून घेणारा मुलगा आला. मी सुट्टीला गेलो होतो, आत पेपर वाचत होतो. त्यानं विचारलं, 'आजी, इथं कोण कोण असतं?'

आई म्हणाली, 'आम्ही असतो.'

'आम्ही म्हणजे किती जण?'

ती उत्तर देण्याआधी मी आतून ओरडलो, 'एक लिहा, एक.'

मुलानं लिहिलं आणि तो गेला. आई दारातच उभी राहिली. त्या सुट्टीत पुढचे दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.