पेटीतला खेळ आणि बाजारातला भाव

गोंदियाला लागून आमचे मुर्री गाव आहे. भोवताली धानाच्या बांध्या, थोड्या अंतरावर शहरातल्या राईस मिला. अशा गावात पैशाची गोष्ट बहुधा धानावरून सुरू होते आणि धानावरच येऊन थांबते. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी पैशाची एक गोष्ट भलत्याच जागेवरून निघाली. ती निघाली माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीतून.

त्या पेटीत माझ्या मुलाच्या लहानपणचा, टीव्हीला जोडायचा खेळ आहे. १९९६ च्या दिवाळीत गोंदियाच्या बाजारातून साडेआठशे रुपयांना आणलेला. एक डबा, हातात धरायच्या दोन कळफळ्या आणि तीन कॅसेट. जाणकार लोक या कॅसेटला कार्ट्रिज म्हणतात. पण आमच्या आळीतली सगळी पोरे तिला कॅसेटच म्हणत. खेळ सुरू झाला नाही, की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. फुंकरीतल्या ओलाव्याने आतले तांब्याचे पट्टे खराब होतात, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

तर एके दिवशी माझा पुतण्या धावत आला. म्हणाला, “काकाजी, ती पेटी कोणाले देऊ नका बरं! अमेरिकेत अशा एका जुन्या कॅसेटले पंधरा कोटी भेटले.”

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. पण बातमी खरी होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ साली निघालेल्या खेळाची एक न उघडलेली प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये वीस लाख डॉलरला विकली गेली होती. त्या वेळच्या दराने हे जवळजवळ पंधरा कोटी रुपये होतात. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाची एक प्रत अमेरिकेतल्या एका लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली होती. १९९६! म्हणजे ज्या वर्षी आमच्या घरी साडेआठशेचा डबा आला, त्याच वर्षीचे हे खेळणे.

माणसाचे मन मोठे गमतीचे असते. पुतण्याला हसलो खरा, पण त्या रात्री मी स्वतःच माळ्यावर चढून ती पेटी खाली उतरवली.

आता प्रश्न असा, की एका खेळण्याला इतकी किंमत येते कुठून? खेळ दुर्मिळ होता म्हणून? तसे नाही. ‘सुपर मारिओ ६४’च्या सुमारे एक कोटी एकोणीस लाख प्रती जगभर खपल्या होत्या. खेळ दुर्मिळ नव्हता, न खेळलेला खेळ दुर्मिळ होता. ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही, जिचे कारखान्यातले वेष्टन कोणी फाडले नाही, तिला हा भाव आला. मुलाच्या हाती जी कधी गेलीच नाही, तिला मोठ्यांच्या बाजारात मान मिळाला.

काही खेळ मात्र खरोखरच थोडे आहेत. निन्टेन्डो कंपनीने १९९० साली अमेरिकेत एक मोठी स्पर्धा घेतली. तिच्यासाठीच्या कॅसेटपैकी राखी रंगाच्या ९० आणि सोनेरी रंगाच्या अवघ्या २६ लोकांच्या हाती गेल्या. असे काही हाती लागले तर संग्राहक त्यासाठी झुरणारच.

दुसरे कारण आहे दाखल्याचे. वस्तू एका तपासणी कंपनीकडे पाठवायची. ती कंपनी दहापैकी गुण देते, वेष्टनाला वेगळी श्रेणी देते आणि वस्तू काचेसारख्या पेटीत कायमची बंद करून परत पाठवते. पंधरा लाख डॉलरच्या त्या प्रतीला दहापैकी ९.८ गुण होते. इतक्या सुस्थितीतल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. म्हणजे घेणारा नुसता खेळ घेत नाही, तो दाखला घेतो.

इथेच गोम आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत असा एक खेळ पहिल्यांदा एक लाख डॉलरच्या वर गेला. घेणारे तिघे मिळून होते, आणि त्यांपैकी एक जण एका मोठ्या लिलावगृहाचा सहसंस्थापक होता. दाखला देणारे, लिलाव करणारे आणि विकत घेणारे एकमेकांच्या फार जवळ आहेत, भाव मुद्दाम चढवला गेला, असे आरोप २०२१ मध्ये जाहीरपणे झाले. २०२२ मध्ये दाखला देणाऱ्या कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात दावाही दाखल झाला. संबंधितांनी हे आरोप नाकारले. खरेखोटे न्यायालयाने पाहावे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की आपल्या धानाचा ओलावा मोजणारा आणि तेच धान विकत घेणारा एकच असला, तर आपण काट्याकडे दोनदा पाहतो.

मी पुतण्याला हे सांगितले. तो म्हणाला, “तुमचं खरं आहे काकाजी, पण सोन्याचा भावबी असाच चढते ना?”

प्रश्न बिनतोड वाटला, पण तसा नव्हता. सोने गोंदियात घ्या, नागपुरात मोडा; घट धरतील, पण घेणारा मिळेल. शेअरबाजारात बुडणारे बुडतात, तरी तिथे सेबीची देखरेख असते. या खेळण्यांच्या बाजारावर तशी देखरेख नाही. तिथे भाव म्हणजे शेवटच्या हौशी माणसाने दिलेला आकडा. त्याच्यापुढचा हौशी माणूस मिळाला नाही, तर तो आकडा कागदावरच राहतो. आणि २०२१ ची ती तेजी पुढे टिकलीही नाही.

आमच्या पेटीबद्दल सांगायचे, तर ती निन्टेन्डोची नव्हेच. त्या दिवसांत आपल्याकडच्या बाजारात मुख्यतः त्या यंत्राच्या नकलाच येत. एकाच कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचे छापलेले असे, आणि लावून पाहावे तर तेच आठ-दहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यांना आठवणीची किंमत आहे. लिलावाची नाही.

हे सगळे बोलून झाल्यावर पुतण्या खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, “काकाजी, मी एक घेतली.”

उन्हाळी धानाचे चुकारे नुकतेच बँकेत जमा झाले होते. त्यातून बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती. त्यातले सहा हजार त्याने मोबाईलवरून कुण्या दूरच्या विक्रेत्याला पाठवले होते आणि ‘मूळ वेष्टनातली, दुर्मिळ’ अशी एक कॅसेट मागवली होती. आणखी चार घ्यायचा बेत होता. त्याने ती पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली. चकचकीत प्लास्टिक, कोरा डबा.

श्रोतेहो, आता पेच पाहा. वेष्टन फाडले, तर वस्तूची बाजारातली किंमत गेली. न फाडावे, तर आत काय आहे याची खात्री नाही. धानाच्या पोत्यात बांबी खुपसून चार दाणे तळहातावर घेता येतात. इथे बांबी चालत नाही. जी वस्तू पारखायला गेले की तिचे मोल संपते, ती आंधळ्या विश्वासावर घ्यावी लागते. आणि अनोळखी माणसावरचा आंधळा विश्वास गरिबाला परवडत नाही.

बराच वेळ आम्ही दोघे त्या डब्याकडे पाहत बसलो. शेवटी मी म्हटले, “बाबू, खोटी असेल तर सहाच हजार गेले. आज नाही उघडली, तर चोवीस जातील.” त्याने स्वतःच्या हाताने वेष्टन फाडले. स्क्रू काढला. आत पाटीवर काळ्या रसायनाचा एक वाळलेला गोळा थापलेला होता. आमच्या साडेआठशेच्या डब्यातल्या कॅसेटमध्येही हुबेहूब तसाच गोळा आहे. नकली मालाची ती ओळखीची खूण. वेष्टन तेवढे नवे होते.

पोरगा रडला नाही, पण दोन दिवस जेवला नाही नीट. फीला कमी पडलेले पैसे आम्ही घरातून उभे केले. विक्रेत्याचा फोन लागेनासा झाला होता.

ही फसवणूक नवीन नाही. जुन्या नोटा आणि नाणी लाखो रुपयांना विकून देतो, असे सांगून लोकांकडून आधी पैसे उकळणारे आपल्याकडे इतके झाले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना जाहीर सूचना द्यावी लागली. तिकडे कॅसेट पंधरा कोटींना गेली, तोच हा महिना.

मग जुने खेळ जमवूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. हीच निन्टेन्डो कंपनी १८८९ मध्ये जपानातल्या क्योतो शहरात हाताने केलेले पत्ते विकण्यासाठी निघाली होती. आपल्या सावंतवाडीला गंजिफाचे गोल, लाखेच्या रंगातले पत्ते होतात. दशावतारी गंजिफाच्या डावात एकशेवीस पाने असतात. खेळणारे उरले नाहीत आणि ती कला बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा तिथल्या राजघराण्याने जुन्या कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. हेही जुन्या खेळाचे जतनच. पण तिथे पहिला विचार वस्तू टिकण्याचा होता, भाव चढण्याचा नव्हता. ज्याला खेळाची माया आहे त्याने जरूर जमवावे, आणि गेले तरी घरात कोणाचे अडणार नाही एवढ्याच पैशात जमवावे. फीचे, बियाण्याचे आणि औषधाचे पैसे हौसेच्या बाजारात नेऊ नयेत.

आमच्या त्या सहा हजारांचे पुढे काय झाले, ते सांगतो आणि थांबतो. पावसाची झड लागली होती. पुतण्याने पेटीतला जुना डबा काढला, टीव्हीला जोडला आणि ती नकली कॅसेट त्यात बसवली. पहिल्यांदा चालली नाही. मी म्हटले, “फुंकर मारू नको, कापडाने पूस.” पुसली. मग चालली. ज्या बहिणीच्या फीचे पैसे गेले होते, तीच समोर बसली आणि तिने त्याला लागोपाठ तीन वेळा हरवले. त्या संध्याकाळी तो बऱ्याच दिवसांनी हसला.