आदिवासी भगिनी आणि कायद्याचे संरक्षण
(वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या गोरेगावात, आरे कॉलनीत वारली समाजाचे पाडे आहेत. त्या भगिनी आपल्या शेजारी आहेत. म्हणून हा विषय लांबचा समजू नका.

२६ मार्च १९७२. त्या वेळच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाणे. १४ ते १६ वर्षांच्या एका अनाथ आदिवासी मुलीवर तिथेच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. हाच तो 'मथुरा खटला'. सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. कारण काय? तर अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही! अहो, ठाण्यातच हे घडले, तर पोरीने हाक मारायची कुणाला?

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार, रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली मुंबईतल्याही बाया रस्त्यावर उतरल्या. तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. पोलीस ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे बाईने कोर्टात सांगितले, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचे. तिची ओळख छापणे हाही गुन्हा ठरला. त्या मुलीला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही, हे विसरू नका.

बाईच्या शरीराची काळजी ही समाजाची जबाबदारी आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी प्रसूती रजेच्या बिलाला पाठिंबा दिला, तो याच भूमिकेतून. १९२९ साली तो कायदा झाला.

आता चार गोष्टी घरी जाऊन सांगा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. पीडित बाईवर सरकारी असो वा खाजगी, दवाखान्याने फुकट उपचार केलेच पाहिजेत. अत्याचारातून गर्भ राहिला तर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे २४ आठवड्यांपर्यंत डॉक्टरी सल्ल्याने गर्भपात करता येतो; सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. आणि १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आपल्यासारखाच आदिवासींसाठीही आहे.

पण कायदा आपल्या पायाने पाड्यावर चालत जात नाही. ठाण्याची पायरी एकटीने चढणे फार अवघड असते. तेव्हा एखादी भगिनी अडचणीत असेल, तर आपल्या दोघी-तिघींनी तिच्याबरोबर जावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

जय भीम!