हातपाय न मारता पोहणं

कामं आवरली असतील तर जरा टेका. नसतील आवरली, तर भाकऱ्या थापता थापता ऐका.

आधी आमची एक आठवण. गावात नळ यायच्या आधी उन्हाळ्यात आम्ही ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी आणायचो. वाळूत हातभर खड्डा, त्यात वीतभर पाणी. वाटी वरच्या वर अलगद फिरवायची आणि घागर भरायची. एकदा आमच्यातली एक घाईत होती. तिनं तांब्या खोल बुडवला आणि तळ ढवळला. पाणी असं गढूळ झालं, की मागच्या सगळ्या जणी तासभर नुसत्या बसून राहिल्या. कुणी तिला बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती वाटी घेऊन यायला लागली.

हे आज आठवलं ते गटातल्या एकीच्या लेकीमुळं. तिनं विचारलं, "पाण्यानं भरलेल्या गुहेत माणसं पोहतात म्हणे. तिथं अंधारात कशी पोहत असतील?" आम्ही माहिती काढली, आणि आम्हाला झिराच आठवला.

मेक्सिको देशात युकातान नावाचा मुलूख आहे. तिथली जमीन चुनखडीची. पावसाचं पाणी दगडातून खाली झिरपतं, म्हणून वर नद्या जवळजवळ नाहीतच. पाणी सगळं जमिनीच्या पोटात. जिथं गुहेचं छत कोसळलं, तिथं खोल डोह उघडे पडलेत. त्यांना सेनोते म्हणतात. तिथले माया लोक पिढ्यान्‌पिढ्या या डोहांच्या पाण्यावर जगले. या डोहांच्या आतून पाण्यानं भरलेल्या गुहा लांबवर जातात. 2018 साली अशा दोन मोठ्या गुहा आतून जोडलेल्या सापडल्या. त्यांची लांबी मिळून 347 किलोमीटर भरली. म्हणजे मुंबईहून निघालेली बाई कराड ओलांडून कोल्हापूरच्या वाटेला लागेल, एवढी.

या गुहा पूर्वी कोरड्या होत्या. हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होतं. तेव्हा गुहेच्या छतातून थेंब थेंब पाणी ठिबकायचं. प्रत्येक थेंब चुन्याचा कण मागं ठेवून जायचा. त्यातून वरून लोंबणारी दगडी झुंबरं आणि खालून उठणारे खांब तयार झाले. काही काही तर सुतळीएवढे बारीक. पुढं बर्फ वितळलं, समुद्र चढला, गुहा बुडाल्या. पाण्याखाली थेंब ठिबकत नाही. म्हणून आज तिथलं एक झुंबर मोडलं, तर ते पुन्हा वाढत नाही. जे मोडलं ते कायमचं मोडलं.

आणखी एक गोष्ट ऐका. 2007 साली पाणबुड्यांना त्या अंधारात एक प्रचंड खड्डा सापडला. त्याच्या तळाशी जुन्या काळच्या जनावरांची हाडं होती, आणि त्यांच्यात एका पोरीचा सांगाडा. वय पंधरा-सोळा. बारा हजार वर्षांहून जुना. गुहा कोरडी असताना ती पाणी शोधत आत गेली असावी आणि खड्ड्यात पडली असावी, असा अंदाज आहे. तिचं नाव नाया ठेवलं गेलं. पाण्यासाठी निघालेली पोर आपल्याला काही परकी नाही. इतकी वर्षं ती तिथं न हलता राहिली. बेफिकीर पायाचा एक फटका बसला असता, तर तिची गोष्ट तिथंच विस्कटली असती.

मग तिथं पोहायचं कसं? आपण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो ते हातपाय मारून. गुहेत हातपाय मारायचेच नाहीत.

अंग पाटासारखं आडवं ठेवायचं. गुडघे वाकवून पावलं वर उचलायची. पायात रबराची लांब वल्ही असतात, त्यांना फिन म्हणतात. पाय वर-खाली आपटले, तर फिन पाण्याला तळाकडं ढकलतात आणि गाळ उठतो. म्हणून बेडकासारखे पाय बाजूला घेऊन पाणी सरळ मागं लोटायचं, आणि मग थोडा वेळ नुसतं तरंगत पुढं जायचं. जागा अरुंद असेल तर फक्त घोटे हलवायचे. हात पुढं जुळवलेले. आपण पदर खोचून कामाला लागतो, तसे ते सगळ्या नळ्या अंगालगत बांधतात, कारण लोंबणारी वस्तू कशात तरी अडकते आणि मोडतोड करते.

वर-खाली होणं अंगरख्यातल्या हवेवर आणि श्वासावर. श्वास घेतला की अंग किंचित वर, सोडला की किंचित खाली. सोडलेल्या हवेचे बुडबुडेही छताला लागून धूळ पाडतात. म्हणून नाजूक जागेखाली रेंगाळायचं नाही. टेकायचंच झालं, तर उघड्या खडकाला एक बोट. झुंबराला कधीच नाही.

हे फक्त गुहेसाठी नाही, जिवासाठीही आहे. गाळ उठला की हातातली बॅटरी असून नसल्यासारखी. वर डोकं काढायला जागा नाही, छत दगडाचं. म्हणून ते आत जाताना बाहेरपासून सलग दोरी सोडत जातात आणि हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक अडचणीला. ही विद्या गुरूपाशी शिकायची असते, आणि चांगल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती नव्यानं शिकावी लागते. तेव्हा पोरांनी ऐकून विहिरीत प्रयोग करू नयेत, एवढं घरात सांगा.

तिथल्या बऱ्याच सेनोतेंमध्ये नुसतं पोहायला आलेल्या पाहुण्यालाही आधी अंघोळ करायला लावतात, म्हणजे अंगाचं क्रीम पाण्यात उतरत नाही. ते पाणी जमिनीखालून पुढं जातं, कुणाच्या तरी विहिरीत निघतं.

आपल्या गटांच्या सहली मालवणला जातात. तिथं तोंडाला नळी लावून पाण्याखालचं प्रवाळ दाखवतात. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं. दमलात तर त्यावर उभ्या राहू नका. नावाड्याला हाक मारा, होडी धरा. घाबरून हातपाय झाडू नका, अंग सैल सोडा.

आणि कुणाच्या गावाला अजून झिरा असेल, तर वाटी वापरा. मागं बाया उभ्या आहेत.

येतो आम्ही. नमस्कार.