राणीचा हार आणि आपली आजी



दुपारची कामं आटोपली की हल्ली अनेकींच्या मोबाईलवर इंग्लंडच्या राजघराण्याच्या मालिका सुरू होतात. राजवाडा असला तरी मानपान, रुसवेफुगवे आपल्या ओळखीचेच, म्हणून मन रमतं. ‘द क्राउन’च्या पहिल्याच भागात एलिझाबेथचं लग्न आहे. त्या लग्नातल्या एका आहेराची गोष्ट आज सांगते.

लग्न झालं २० नोव्हेंबर १९४७ला. महायुद्धानंतर इंग्लंडात कापड अजून रेशनवर होतं. नवरीच्या पोशाखालाही कुपनं लागली. तिला हैदराबादच्या निजामांकडून हिऱ्यांचा हार आणि मुकुट मिळाला. राजकन्येला आवडेल ते तिनंच निवडावं, असं निजामांनी लंडनच्या कार्टिए या पेढीला कळवलं होतं. मुकुट पुढे मोडला. हार मात्र राणीनं वापरला, आणि २०१४ साली तो नातसून केटच्या गळ्यात दिसला.

हे निजाम म्हणजे आपलेही राजे. औरंगाबाद तेव्हा त्यांच्याच राज्यात होतं. त्यांच्या खासगी मुलखाला ‘सर्फ-ए-खास’ म्हणत. तिथला सारा थेट त्यांच्या स्वतःच्या तिजोरीत जाई.

देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आपण नाही. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. लग्नानंतर नवव्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. पण गावागावांत रझाकारांची दहशत वाढतच गेली. कितीतरी कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायका लढ्यात उतरल्या. अखेर १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला.

राणीचा हार कुणी दिला, तिनं तो कधी घातला, याची नोंद आहे. आपल्या आजीनं त्या वर्षी डोरलं कुठे लपवलं, गाव सोडताना कमरेवर कोणतं लेकरू घेतलं, याची नोंद कुणी केली? तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. तिच्याबरोबर हे सगळं जाईल.

मालिका जरूर बघा. पण पुढचा भाग लावण्याआधी घरातल्या, शेजारच्या अशा एखाद्या आजीजवळ अर्धा तास बसा. मोबाईलवरच त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नाव, गाव आणि तारीख तेवढी सुरुवातीला म्हणून ठेवा.