मुंगळ्यांची चटणी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मी विषय कळविला तेव्हा समितीतील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "हे भोजनाआधी सांगणार की नंतर?" मी आधीच सांगत आहे, क्षमा असावी.

आंब्याकाजूवर पाने सांधून घरटी करणारे तांबडे मुंगळे आपल्या गोव्यात कोणाला ठाऊक नाहीत? त्यांचा प्रसाद लहानपणी सर्वांनीच घेतला आहे. हेच मुंगळे बस्तरात, गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांत व ओडिशातील मयूरभंजात अन्न आहेत. घरटे उतरवून मुंगळे आणि त्यांच्या अळ्या मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटतात व भाताशी खातात. चिंच लागत नाही. आंबटपणा मुंगळ्याच्या अंगच्या फॉर्मिक आम्लाचा. बस्तरात तिला चापडा म्हणतात. मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या काजूफेणीला २००९ साली मिळाले तेच हे मानांकन.

मी एका वसतिगृहाची व्यवस्था पाहत असे. तेथे गडचिरोलीकडचा एक मुलगा सुटीहून परतताना पानात बांधून ही चटणी घेऊन आला. मुले हसली; मीही हसलो. पुढल्या खेपेस त्याने काही आणले नाही. घरी काय जेवतोस असे विचारले की "भात" एवढेच म्हणे.

आपण कोळंबी आवडीने खातो. कोळंबी व मुंगळा दोघेही संधिपाद, म्हणजे दूरचे भाऊबंदच. (म्हणूनच ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी किड्यांपासूनही दूर राहावे.) संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात खाद्य कीटकांच्या १,९०० हून अधिक जाती नोंदविल्या. रातकिड्याचे एक किलो वजन वाढण्यास सुमारे दोन किलो खाद्य पुरते, गुरांना त्याच्या कितीतरी पट लागते, असेही त्यात आहे. प्रथिने तर आहेतच, कित्येक जातींत लोह व जस्तही आहे.

मात्र शहरांनी हौसेने मागणी केली तर रानातील घरटी ओरबाडली जातील, आणि हे मुंगळे झाडांवरील कीड खातात हे विसरू नये. फवारणी झालेल्या शेतातील किडे तर खाऊच नयेत.

आपण उद्यापासून मुंगळे खावे असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः शाकाहारी आहे. आपल्या वसतिगृहातील मुलांना घरचा पदार्थ पंक्तीत उघडपणे खाता यावा, एवढी सूचना मी कार्यकारी समितीकडे लेखी दिली आहे. तिचा विचार व्हावा.