काळोख राखताना
(मंडळाच्या सभेतील भाषण)

येथे कडकोळला आम्ही कोळशाने वस्तुचित्रण शिकू लागलो, तेव्हा सारा कागद काळा करून कापडाने चोळावयाचा आणि मऊ रबराने उजेड तेवढा उचलावयाचा, ही उलटी रीत हाताला पटेना. समोर होता आईने देशावरून आणलेला पितळी तांब्या. उत्साहाच्या भरात इतके पुसले की काळोखच उरला नाही. तांब्या सपाट झाला!

पुढे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे (१८८२-१९६८) दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहिले. ज्योत हाताआड, बोटे मात्र आतून उजळलेली, आणि भोवती काळोख किती राखलेला! तेही जलरंगात, जेथे उजेड आधीच राखावा लागतो. मागाहून पुसण्याची सोय जवळजवळ नाहीच.

परतल्यावर डोळे किलकिले करून तांब्या न्याहाळला. सर्वांत उजळ जागा एकच : आगगाडीच्या प्रवासात पडलेल्या पोच्याची कड. तेवढीच पुसली.