वाफ आणि लेप : शरीरातील धातूची निगा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या कुपवाडशेजारी मिरजेत 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले आणि हा परिसर शस्त्रक्रियेसाठी नावारूपास आला. आज आपल्यातील अनेकांच्या घरी कोणाच्या तरी खुब्यात वा गुडघ्यात धातूचा सांधा आहे. त्याच्या पृष्ठभागाविषयी चार शब्द मांडतो.

वाफेने निर्जंतुकीकरण करणारा ऑटोक्लेव्ह 1879 मध्ये फ्रान्सचे चार्ल्स शॅम्बरलँड यांनी सिद्ध केला. तत्त्व घरच्या कुकरचेच. चौरस इंचास 15 पौंड दाबाखाली वाफ 121 अंश सेल्सिअसला पोहोचते आणि जंतूंचा नाश होतो. स्टीलच्या साध्या पट्ट्या व स्क्रू ही वाफ सहज सोसतात.

लेप दिलेल्या सांध्याची गोष्ट निराळी. टायटॅनियमवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या, हाडातील खनिजाशी साधर्म्य असणाऱ्या पदार्थाचा पातळ थर अतितप्त फवाऱ्याने बसवितात. तो झटकन थंड होत असल्याने त्याचा काही भाग काचेसारखा, पाण्यात लवकर विरघळणारा राहतो. ओल्या उष्णतेत त्याची घडण बदलू शकते, धातूवरील पकड ढिली होऊ शकते. शिवाय बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, तसे वाफेबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर बसू शकतात. ज्या ठिकाणी हाडाच्या पेशींनी रुजावयाचे, तेथेच हा अडसर.

म्हणूनच असे सांधे बहुधा कारखान्यातून बंद पाकिटात, गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन येतात. अशा किरणोपचाराची सोय भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथील 'आयसोमेड' प्रकल्पाद्वारे 1974 मध्ये केली.

माझ्या नात्यातील एका वडीलधाऱ्यांच्या शस्त्रक्रियेत एका सांध्याचे पाकीट उघडले. पण माप जुळले नाही. तो वाफेत घालून पुन्हा ठेवावा व आमच्या बिलातून वगळावा, असा आग्रह मीच धरला. शल्यविशारदांनी शांतपणे नकार दिला. तेव्हा राग आला. आज कृतज्ञता वाटते. वाचलेले पैसे दुसऱ्या कोणा रुग्णाच्या वेदनेतून वसूल झाले असते.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी तीन गोष्टी अवश्य विचारा : सांध्यावर लेप आहे काय, पाकीट अभंग व मुदतीत आहे काय, आणि पुन्हा वाफ देण्यास उत्पादकाची लेखी अनुमती आहे काय. पाकिटावरील चिठ्ठी केसपेपरवर चिकटवून घ्या. गरजूंना वैद्यकीय साहाय्य देताना आपल्या ट्रस्टनेही एवढी चौकशी करावी, ही नम्र विनंती.